हिरवा कोळी

जवाच्या पावाची कडक चकती, फ्रिझेला, पाण्यात बुडवायची, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि बाहेर काढायची. चौथ्या अंकाला तिचा लगदा होतो, ही दोनाताच्या आईची शिकवण. साठ वर्षं दोनाताने ती पाळली. गेल्या ऑक्टोबरपासून मात्र ती लेकाच्या वाटणीची फ्रिझेला बुडवताना गुपचूप दहापर्यंत मोजत होती.

"हे काय आई, लापशी?" ओरोंझोने ताटलीकडे बघत विचारलं. "माझे दात पडले की तुझे?"

"पाणी गरम होतं रे. लवकर भिजली."

पाणी टाकीतलं होतं, बोटं बधिर करणारं. तिने वर टोमॅटो चुरडला, तेलाची धार सोडली आणि कॉफीचा कप त्याच्यासमोर ठेवला. कप पत्र्याचा होता. चिनीमातीचे तीन फुटल्यावर तिने उरलेले फडताळात वर ठेवून दिले होते आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"तुरुंगात वाढतात तसं वाढतेस हल्ली," तो हसला. हसताना त्याने मान किंचित मागे टाकली, कारण घास आत जात नव्हता. मग गेला. सदतीस वर्षांचा उंचापुरा बाप्या, ऑलिव्हची झाडं छाटण्यात पंचक्रोशीत ज्याचा हात धरणारा कोणी नाही, तो घास गिळायला चिमणीच्या पिल्लासारखी मान वर करत होता. टेबलाखाली त्याचा डावा पाय फरशीवर हलत होता. ताल धरल्यासारखा म्हणावं तर ताल नव्हता. तो पाय जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

न्याहारी झाली की तो ऑलिव्हची एक कोवळी काडी दाढांमध्ये धरायचा. सिगारेट सोडल्यापासून लागलेली सवय, असं तो सगळ्यांना सांगे. दोनाता ऐकून घ्यायची. त्याच्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला काय जखमा आहेत हे तिला उशीच्या अभ्र्यावरून कळत होतं. ते अभ्रे ती वेगळे, गार पाण्यात धुवायची.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

गावातलं कोणी पुढच्या दारावर टकटक करत नाही. शेजारीण असुंतीना मागच्या अंगणातून नावाने हाका मारत थेट चुलीपाशी येते. पुढचं दार वाजवतात ते परके, आणि परके काही घेऊन येत नाहीत, काहीतरी मागायला येतात. दोनाताने हात पुसले.

दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. केस आखूड, पायांत शहरी बूट, खांद्याला चामड्याची जड पिशवी.

"दोनाता बाई तुम्हीच ना? मी डॉक्टर जिनेव्रा तोंदी. बारीच्या विद्यापीठातून आलेय. झुरिकच्या मिरेल्लाने तुमच्यासाठी पत्र दिलंय."

मिरेल्ला म्हणजे दोनाताच्या नवऱ्याची पुतणी. तिचे आईबाप दोघंही याच गावचे. लग्न लागलं आणि महिन्याभरात स्वित्झर्लंडला कामाला गेले. दोनाताचा नवरा ब्रिझ्यो आठ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा मिरेल्ला शेवटची आली होती. थडग्यापाशी उभी असताना तिची बोटं सारखी पियानो वाजवल्यासारखी हलत होती, हे दोनाताच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तेव्हा ती मनाशी म्हणाली होती, शोक आहे पोरीला.

"झाडांचं रक्त तपासायला आलात का पुन्हा?" ओरोंझोने आतूनच विचारलं. "उशीर केलात. आज आमच्या आजोबांची अकरा रोगट झाडं पाडायची आहेत, सरकारी चिठ्ठी येऊन पडलीय."

"झाडांचं नाही," डॉक्टरीण म्हणाली. बोलताना तिची नजर टेबलाखाली गेली, पायावर थबकली आणि लगेच वर आली.

ती नजर दोनाताने ओळखली. बाजारात मासे बघणाऱ्याची असते तशी. हात न लावता ताजं-शिळं जाणणारी.

"जा रे तू," ती लेकाला म्हणाली. "करवतीच्या साखळीला धार लावायचीय म्हणत होतास ना?"

"हाकल, हाकल. बायकांच्या गोष्टी ऐकू नयेत पोराने." काडी दातांत धरून तो उठला, खुर्चीला धडकला, "या खुर्चीचं माझ्याशी काय वैर आहे कळत नाही," असं म्हणत अंगणात गेला. तिथे त्याची तीनचाकी उभी होती, आणि तिच्यावर करवत.

थोड्याच वेळात कानशीचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा थांबे. पुन्हा खर्र.

दोनाता डॉक्टरणीसमोर बसली. मिरेल्लाचं पत्र तिने वाचलं, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं. मिरेल्लाला आता चाकाच्या खुर्चीवरून उठता येत नव्हतं. पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात होतं.

"मिरेल्ला म्हणते, गावात पूर्वी एक बाई होती," डॉक्टरीण हलक्या आवाजात म्हणाली. "नाचणारी. दर जूनमध्ये संत पावलच्या देवळात नेत असत. ती तुमच्या माहेरची होती का?"

"नाही."

"नक्की?"

"कॉफी घेणार का तुम्ही?"

डॉक्टरणीने हो म्हटलं आणि वाट बघितली. तिला वाट बघता येत होती, ही गोष्ट दोनाताला मनातून आवडली आणि तिचीच भीतीही वाटली.

मग तिने पिशवीतून एक छायाचित्र काढून टेबलावर ठेवलं. राखाडी पार्श्वभूमीवर गोल गोल थेंब, आणि त्यांतल्या कितीतरी थेंबांना चहूबाजूंनी काटे. दोनाताला समुद्रकाठच्या खडकांवरचे काटेरी गोळ्यांसारखे जीव आठवले. लहानपणी ते सुरीने उघडून पावाच्या तुकड्याने आतला नारिंगी गर पुसून खायचे. तिची बहीण सगळ्यात जास्त गोळा करायची. तिच्या हाताला कधी काटा लागत नसे.

"हे मिरेल्लाचं रक्त," डॉक्टरीण म्हणाली. "भिंगाखाली पाहिलेलं. निरोगी माणसाच्या रक्तपेशी गुळगुळीत असतात."

"काट्यांमुळे नाचते ती?"

"काटे ही नुसती खूण. मूळ दुसरीकडे आहे." तिने घरभर नजर फिरवली, काहीतरी शोधत असल्यासारखी. "तुमच्याकडे तेलाचा घाणा होता का कधी?"

"माझ्या वडिलांचा होता. जमिनीखालचा."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. घाण्यातून तेल हौदात कसं जायचं?"

"दगडी पन्हळीतून."

"शरीराच्या प्रत्येक पेशीत अशा लहान लहान खोल्या असतात. एका खोलीत चरबी तयार होते, दुसरीला ती हवी असते. ती आपोआप जात नाही, मधे सगळं पाणीच असतं. म्हणून शरीर एक पन्हळ बांधतं, प्रथिनाची. एका खोलीपासून दुसरीपर्यंत. त्यातून चरबी सरकत जाते. ती पन्हळ कशी बांधायची याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. व्हीपीएस तेरा ए म्हणतात त्या जनुकाला. प्रत्येकाकडे या कृतीच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. एक फाटकी असली तरी भागतं. माणसाला कळतही नाही. दोन्ही फाटक्या आल्या तर पन्हळ बांधलीच जात नाही. पेशींचे पडदे उपाशी राहतात. रक्ताला काटे येतात, आणि मेंदूचा जो भाग हातापायांना 'गप्प बसा' म्हणतो, तो हळूहळू वाळत जातो."

"वरून खाली," दोनाता म्हणाली. "शेंड्यापासून."

डॉक्टरणीने खिडकीबाहेरच्या झाडांकडे पाहिलं.

या गावात शेंड्यापासून वाळणं सगळ्यांना ठाऊक होतं. झाडांना रोग लागला तेव्हा पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पाऊस कमी झाला. दुसऱ्या वर्षी म्हणाले, शेजाऱ्याने तण जाळलं त्याची झळ. रोगाचं नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि नाव घेईपर्यंत टेकडीपर्यंतचा सगळा हिरवा माळ राखेच्या रंगाचा झाला होता.

"त्या पन्हळीला नाव आहे का?"

"कोरीन. जुन्या ग्रीकमधल्या नाच या शब्दावरून ठेवलंय."

दोनाता हसली, त्या हसण्यात ओलावा नव्हता. "म्हणजे तुम्हीही नाचच म्हणता. आम्ही अडाणीही तेच म्हणत होतो."

बाहेर कानस थांबली. दोनाताने अंगणाकडे कान दिला. मग नळ सुटल्याचा आवाज आला, ओरोंझोची एक शिवी, आणि पुन्हा खर्र, खर्र.

"पोंपीलिया," ती अचानक म्हणाली. "माझ्या बहिणीचं नाव पोंपीलिया. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. मला तिनेच वाढवलं म्हणायला हरकत नाही."

आणि मग ती बोलत गेली. साठ वर्षांत जे तिने कबुलीच्या जाळीतून पाद्रीबाबालाही सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईला, कॉफी गार होत असताना.

पोंपीलिया सव्वीस वर्षांची होती आणि दोनाता दहाची. दोघी तंबाखूची पानं खुडायला शेतावर जात. त्या वसंतात पोंपीलियाच्या हातून पानांची माळ वारंवार सुटू लागली. मग खांदा उडू लागला. मग जीभ घास बाहेर ढकलू लागली. ओठ चावून चावून ती रुमालाचं टोक दातांत धरून बसू लागली. आईने महिनाभर दुर्लक्ष केलं, महिनाभर मारलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारणीने निदान केलं: पोरीला कोळी चावलाय. तंबाखूच्या पानाआड बसतो तो. त्याच्या विषाला औषध एकच, तो ज्या तालावर नाचतो तो ताल शोधायचा आणि विष दमेपर्यंत नाचायचं.

एका सकाळी अशीच टकटक झाली. दारात इप्पात्स्यो न्हावी, हातात वस्तऱ्याऐवजी व्हायोलिन. मागे खंजिरी घेतलेल्या दोन बायका. फरशीवर पांढरी चादर अंथरली. पोंपीलियाला मधोमध बसवलं आणि चहूकडे रंगीत फिती टांगल्या. ज्या रंगाचा कोळी चावला त्या रंगाची फीत बाधलेली बाई ओढून घेते, मग वाजवणाऱ्यांना ताल कळतो. दुपार झाली. घामाने न्हाव्याची हनुवटी व्हायोलिनवरून घसरत होती. पोंपीलिया एकाही फितीला हात लावेना.

"मला काही चावलेलं नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जीभ अडखळत होती, पण शब्द स्पष्ट होते.

"सगळ्याच असं म्हणतात," न्हावी म्हणाला. "कोळीच बोलायला लावतो."

दोनाताची आई कोपऱ्यात रडत होती. तिने धाकटीला दंडाला धरून पुढे ओढलं. "तू असतेस ना तिच्याबरोबर शेतात? आठव गं बाई. पाहिलास का कोळी?"

सगळं घर दोनाताकडे बघायला लागलं. तिच्याकडे एरवी कोणी बघत नसे. आईच्या डोळ्यांत असं काही होतं की नाही म्हणणं म्हणजे बुडत्याच्या हातावर पाय देणं.

"पाहिला," दोनाता म्हणाली.

"रंग कोणता?"

"हिरवा."

खोलीत एक सुस्कारा उठला. हिरवा म्हणजे सगळ्यात हट्टी. तीन-तीन दिवस सोडत नाही. पण निदान कळलं तरी! आईने दोनाताच्या कपाळाचा मुका घेतला. न्हाव्याने तारा पुन्हा लावल्या.

"आणि पोंपीलियाने माझ्याकडे पाहिलं," दोनाता म्हणाली. "रागावली नाही ती. नुसतं पाहिलं, मग हात लांबवून हिरवी फीत घेतली. मी खोटी पडू नये म्हणून."

डॉक्टरणीची लेखणी कागदावर होती, पण ती लिहीत नव्हती.

पुढची आठ वर्षं हिरवा ताल वाजला. दर जूनच्या अखेरीस खटारा जोडून पोंपीलियाला देवळात न्यायचे, विहिरीचं पाणी घशात ओतायचे, ती ओकली की संत प्रसन्न झाला म्हणायचे. तो पूर्ण प्रसन्न मात्र कधीच झाला नाही, म्हणून लोक कुजबुजू लागले की पोरीने काहीतरी पाप लपवलंय. ठरलेलं लग्न मोडलं. एकदा परतताना खटाऱ्यात ती दोनाताच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होती, "तू सांग ना गं त्यांना. कोळी नव्हता म्हणून. तुझं ऐकतील."

"आई मारेल," दोनाता म्हणाली होती.

"बरं," पोंपीलिया म्हणाली. "राहू दे मग."

चौतिसाव्या वर्षी ती गेली. स्वयंपाकघरात, भर दुपारी, घशात अडकलेल्या फ्रिझेलाच्या तुकड्याने. तीन अंक मोजून भिजवलेल्या. दोनाता अठरा वर्षांची होती, ताट तीच वाढत होती.

"तेव्हापासून मला बोलायची भीती बसली," दोनाता म्हणाली. "एक शब्द तोंडातून काढला आणि आठ वर्षं माणूस नाचलं. म्हणून आता बघते आणि गप्प बसते. वर्ष झालं. कप बदलते, अभ्रे धुते. बोललं की खरं होतं, असं वाटतं."

"तुमच्या बोलण्याने तिला काही झालं नाही," डॉक्टरीण सावकाश म्हणाली. "फीत कुठलीही घेतली असती तरी आजार तोच राहिला असता."

"आजार तोच राहिला असता. पण ती एकटी नसती पडली."

डॉक्टरणीने लेखणी खाली ठेवली. तिने विचारलं, "तुमच्या लेकाला हे ठाऊक आहे?"

"मावशी कोळ्याने गेली, एवढंच."

"मी त्यांच्याकडे बघून काही सांगणार नाही. रक्त बघावं लागेल, आणि ते त्यांनी स्वतः द्यायला हवं. माझ्याकडे बरं करणारं औषध नाही, बाई. खोटं कशाला बोलू? पण झटके आवरता येतात. गिळायचं कसं ते शिकवणारी माणसं आहेत, घशात अडकू नये म्हणून. आणि पडण्या-कापण्यापासून..." ती थांबली. दोघींचेही कान अंगणाकडे होते. "उंचावर चढतात का ते?"

"शिडी लावत नाही. माकडासारखा फांदीवर पाय देऊन वर जातो. एका हाताने फांदी, एका हाताने करवत." दोनाताने ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं. "मागच्या गुरुवारी पँटला चीर पडली होती, मांडीवर. म्हणाला, तारेत अडकली. तारेने कापड असं कापलं जात नाही. मी शिवली आणि परत दिली."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

मागच्या दाराशी चाहूल लागली, पण ती असुंतीना होती. "अगं दोनाता, कोण आलंय? विमावाली का? माझ्याकडे पाठवू नकोस हं, मी मेले म्हणून सांग!"

"नंतर ये गं," दोनाता म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून असुंतीना न बोलता परत फिरली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

तेव्हा दोनाताच्या लक्षात आलं की कानशीचा आवाज थांबला आहे.

या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही. अंगणात करवतीचं इंजिन एकदा खोकललं, धडधडलं, बंद झालं. ओरोंझो धार तपासून बघत होता. सगळ्या गावाला अभिमान होता त्याच्या धारेचा. म्हणायचे, फांदी कापताना झाडाला कळतसुद्धा नाही.

"मी बोलू का त्यांच्याशी?" डॉक्टरणीने विचारलं.

दोनाताने नकारार्थी मान हलवली. ती उठली, गार झालेली कॉफी मोरीत ओतली आणि फडताळातून चिनीमातीचा एक कप काढून टेबलावर ठेवला, ओरोंझोच्या जागी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दार ढकलून तो आत आला. उजव्या हातात करवत, दातांत काडी, गालाला काळ्या तेलाचा फराटा. पाण्याची बाटली घ्यायला आला होता. डावा खांदा एकदा उडाला आणि करवतीचं पातं दाराच्या चौकटीला लागलं. लाकडाची एक बारीक ढलपी फरशीवर पडली. त्याने ती पायाने बाजूला सारली.

"काय, संपल्या का गुजगोष्टी?" तो म्हणाला. मग त्याने आईकडे पाहिलं, डॉक्टरणीकडे पाहिलं, टेबलावरच्या काटेरी थेंबांच्या छायाचित्राकडे पाहिलं. काडी त्याने दातांतून काढली. "आई? तू रडतेयस का?"

दोनाता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंतच येत होती. तिने वर बघितलं, आणि तिला पोंपीलियाचे डोळे दिसले, तेच, न रागावणारे.

"कोळी नव्हता," ती म्हणाली. "तुझ्या मावशीला कोळी चावला नव्हता. मी खोटं बोलले होते. ते सगळं सांगते तुला, बस. पण आधी एक ऐक. ओरोंझो, आजचा दिवस करवत घरी ठेव."